आधी विचारपूस, मग मदत
(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आज गौरविलेल्या विद्यार्थ्यांत एकच कन्या अर्थशास्त्राची पदवीधर आहे. तिच्या निमित्ताने प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटते.

१९०१ साली जन्मलेल्या धनंजयरावांचा हिंदुस्थानच्या औद्योगिक विकासावरील केंब्रिजचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे सुरतेस प्राचार्यपद भूषवून १९३० साली ते पुण्याच्या नवस्थापित गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. अनुमानापेक्षा प्रत्यक्ष पाहणीवर त्यांचा भर असे. १९३६-३७ मध्ये त्यांनी पुणे शहरातील कुटुंबांची घरोघर जाऊन पाहणी करविली. तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली निघाले. ज्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचे ते सदस्य होते, तिच्या १९५४ सालच्या अहवालाने शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के असल्याचे दाखविले. विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरा साखर कारखान्याचे अध्यक्षपदही याच विद्वानाने सांभाळले. १९६७ पासून नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना राज्यांना केंद्राची मदत ठरीव निकषांनी वाटण्याचे सूत्र त्यांनी घालून दिले. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येस होता. दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांचाही स्वतंत्र विचार होता. १९७१ साली त्यांचे निधन झाले.

आता आपल्या मंडळाकडे वळू. आपला साहाय्य-निधी कोणास मिळतो? जो अर्ज करतो, ज्याची कार्यकारिणीत ओळख आहे, त्यास. संकोचाने दाराशी न येणारी विधवा भगिनी, फी न भरता आल्याने शाळा सोडलेला मुलगा यांची नोंद आपल्या दप्तरी नाही. आम्हीही काही वर्षे कार्यकारिणीवर होतो. हा दोष आमचाही आहे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, कार्यालयाच्या नव्या मजल्याचा विचार वर्षभर बाजूस ठेवावा. येत्या दिवाळीच्या सुटीत तरुणांनी प्रत्येक ज्ञातिगृही जाऊन शिक्षण, उत्पन्न, कर्ज व आजारपण यांची विचारपूस करावी. प्रश्नावली आजच्या या पदवीधर कन्येने सिद्ध करावी. नावे गुप्त ठेवावीत, निकष मात्र सर्वांस जाहीर करावेत. ही माहिती हाती आल्यावर पुढील संमेलनात निधीचा विनियोग ठरवावा.

ही सूचना आपण मनावर घ्याल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.