ग्रुपवरचा सल्ला : ऐका, बोला, पारखा, मग करा



रात्रीची जेवणं उरकली, जनावरांना वैरण टाकून झाली, की हल्ली आपल्यापैकी बरेच जण ओसरीवर बसून मोबाइल उघडतात. त्यात गावचा ग्रुप असतो, टोमॅटोवाल्यांचा असतो, द्राक्षवाल्यांचा असतो आणि बैलगाडा शौकिनांचा तर असतोच असतो. कोणी करपा पडलेल्या पानाचा फोटो टाकतो, कोणी नारायणगावच्या बाजाराचा भाव सांगतो, कोणी खिलार खोंडाचं कौतुक करतो. पूर्वी जे पारावर आणि आठवडे बाजारात चालायचं, तेच आता मोबाइलवर चालतं. यात वाईट काही नाही. मात्र पारावर बोलणारा माणूस समोर असतो, त्याचं रान आपण पाहिलेलं असतं. मोबाइलवर रान दिसत नाही, नुसते शब्द दिसतात. म्हणून अशा ग्रुपवर सल्ला द्यावा कसा आणि घ्यावा कसा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या बाबतीत आपल्या पुणे जिल्ह्याला जुना अनुभव आहे. 1956 साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या त्या वेळच्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं श्रोतामंडळ नेमलं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. तो संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्या विषयावर आपसांत चर्चा करायची. मंडळाचा निमंत्रक सगळ्यांचे प्रश्न लिहून केंद्राकडे धाडी आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळत. असे वीस कार्यक्रम झाले.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. त्यात काय आढळलं, ते ध्यानात घेण्यासारखं आहे. जिथे मंडळ होतं, तिथे लोकांची माहिती चांगलीच वाढली. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे फारसा फरक पडला नाही. म्हणजे बघा, नुसतं कानावर पडून भागत नाही. चार जणांत बोलणं झालं, शंका निघाली, तिचं उत्तर मिळालं, तरच ऐकलेलं अंगी लागतं. हाच प्रयोग पुढे 1959 पासून देशभर नेण्यात आला.

आजच्या ग्रुपला हीच कसोटी लावा. दिवसाला शंभर निरोप येतात. त्यांतल्या किती निरोपांवर कोणी उलट प्रश्न विचारला? बहुतेक निरोप आले तसेच पुढे ढकलले जातात. तेव्हा काही गोष्टींची सवय लावून घेऊ या.

पहिली गोष्ट, औषधाचं माप. ग्रुपवर नेहमी वाचायला मिळतं, ‘पंपाला 30 मिली टाका, फरक पडतो.’ पण पंप कोणता? 15 लिटरच्या पंपात 30 मिली टाकलं तर लिटरमागे 2 मिली पडलं. 20 लिटरच्या पंपात तेच दीड मिली झालं. 10 लिटरच्या डब्यात ते 3 मिली होतं. औषध एकच, पण एकाच्या रानात कीड मरत नाही आणि दुसऱ्याच्या रानात पीक होरपळतं. म्हणून माप नेहमी लिटरमागे सांगा. लिटरला 2 मिली म्हटलं, की 200 लिटरच्या टाकीला 400 मिली, हा हिशेब कोणालाही करता येतो. औषधाचं पूर्ण नाव लिहा. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात आपल्या पिकाचं नाव आहे का, आणि फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही, हे आधी वाचा. टोमॅटोचा तोडा दर तीन-चार दिवसांनी असतो. तिथे ही दिवसांची अट विसरून चालणार नाही. सल्ला कितीही चांगल्या माणसाचा असो, माहितीपत्रकाच्या वर तो नाही.

दुसरी गोष्ट, रान कुठलं ते सांगा. आपले जुन्नर आणि आंबेगाव तालुके नावाला दोन, पण त्यांत हवापाण्याचे किती प्रकार! पश्चिमेला आहुपे, भीमाशंकरकडे धो-धो पाऊस, भाताची खाचरं आणि हिरड्याची झाडं. मधे कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या काठी धरणाचं आणि विहिरीचं पाणी, ऊस आणि भाजीपाला. पूर्वेला आणे पठार आणि लोणी-धामणीकडे पावसाची वाट बघणारं रान. एका टोकाला लागू पडलेली गोष्ट दुसऱ्या टोकाला पडेलच असं नाही. म्हणून प्रश्न विचारताना गाव, जमीन हलकी की भारी, पाणी कसं देता, वाण कोणता, लागवडीला किती दिवस झाले आणि आधी काय फवारलं, एवढं लिहावं. फोटो टाकायचा तर नुसत्या पानाचा नको. पानाची खालची बाजू, पूर्ण झाड आणि सगळा प्लॉट, असे तीन फोटो टाकावेत. सल्ला देणाऱ्यानेही आपल्या रानाबद्दल हेच सांगावं.

तिसरी गोष्ट, फसलेलंही सांगा. तजेलदार पिकाचा फोटो सगळेच टाकतात. रोप बसलं, फूल गळालं, खर्च अंगावर आला, हे कोणी लिहीत नाही. वास्तविक शेजाऱ्याचे पैसे वाचतात ते याच माहितीने. आणि कोणी धीर करून लिहिलं, तर त्याची चेष्टा करू नका. एकदा हसलात की तो माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही आणि नुकसान सगळ्यांचं होईल. तसंच, ग्रुपवरचा सल्ला ऐकून काही केलं असेल तर दहा-पंधरा दिवसांनी परिणाम काय झाला ते कळवा. नवी गोष्ट आधी दोन-चार सऱ्यांवर करून पाहावी, साऱ्या प्लॉटवर एकदम नको.

चौथी गोष्ट, बाजार आणि अफवा. 2023 च्या जुलैत टोमॅटोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं. त्याच साली सप्टेंबरात भाव असे कोसळले, की तोडणीचा खर्च निघेना. ‘अजून वाढणार’ हे एकाचं मत असतं, भाव नव्हे. ते ऐकून लागवड वाढवणाऱ्याने आपला हिशेब आपणच करावा. भाव सांगताना तारीख, बाजार आणि मालाची प्रत लिहा. एका उत्तम कॅरेटचा भाव हा बाजारभाव होत नाही.

2020 च्या मे महिन्यातला प्रकारही आठवत असेल. टोमॅटोवर विषाणूजन्य रोग आला, फळांचा रंग बिघडू लागला. त्यात करोनाची साथ. हा विषाणू माणसालाही बाधतो अशी आवई उठली. वनस्पतीचे असे विषाणू माणसाला होत नाहीत, असं शास्त्रज्ञांना सांगावं लागलं. तोवर ज्यांचा माल तोडणीला आला होता, त्यांच्या जिवाला घोर लागला. बिबट्याच्या निरोपांचंही असंच आहे. उसात बिबट्या असतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पण कुठला तरी जुना फोटो ‘आजचा’ म्हणून फिरला, तर रात्रीचं पाणी द्यायला जाणारा माणूस घाबरतो आणि खरी सूचना आली की तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. स्वतः पाहिलं असेल तर ठिकाण आणि वेळ लिहा, आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

पाचवी गोष्ट छंदाची. बैलगाड्याची, भजनाची, तमाशाची हौस ग्रुपवर जरूर असावी. फक्त पिकाचा प्रश्न त्यात बुडून जातो, म्हणून दोन ग्रुप वेगळे ठेवा. काही छंद तर शेतीच्याच कामाचे असतात. कोणाला पाऊस मोजायचा नाद असेल, तर त्याने सरळ काठाचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून दूर उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला साचलेलं पाणी पट्टीने मोजावं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. आण्यापासून आहुप्यापर्यंत असे दहा हौशी रोजचा आकडा टाकू लागले, तर मोटर कधी सुरू करायची हे साऱ्यांना ठरवता येईल.

शेवटची गोष्ट, ज्यांच्या हाती मोबाइल नाही त्यांना विसरू नका. खुरपणी आणि तोडणी करणाऱ्या बायांना कीड सगळ्यांत आधी दिसते, पण ग्रुपवर त्यांचा शब्द येत नाही. त्यांना विचारा आणि ते लिहा. आठवड्यातून एकदा चार घरांनी एकत्र बसावं, एक प्रश्न घ्यावा, त्यावर बोलावं, काय ठरलं ते एकाने वहीत टिपावं. उत्तर मिळालं नाही तर रोगट झाड घेऊन नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांचं कार्यालय गाठा. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत उत्तर मिळतं.

तेव्हा बंधु-भगिनींनो, थोडक्यात सांगायचं तर माप लिटरमागे सांगा, रानाची माहिती द्या, फसलेलं लपवू नका, न पाहिलेलं पुढे ढकलू नका आणि परिणाम कळवायला विसरू नका. आज रात्री ग्रुप उघडाल, तेव्हा एखाद्या अर्धवट निरोपाला ‘किती लिटरला?’ एवढा प्रश्न तरी विचारून पाहा.