विसरणे की अपुरे शिकणे?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर शिकविले. म्हणून मी 'शिकणे' हाच विषय घेतला आहे. तो मात्र माझ्या संशोधनाच्या, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस या व्याधीच्या वाटेने मांडणार आहे.

या व्याधीत मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवरचे मायलिनचे वेष्टन जागोजागी नष्ट होते आणि संदेशवहन मंदावते. १८६८ साली तिचे स्वतंत्र वर्णन करणाऱ्या पॅरिसच्या शार्को यांनी रुग्णांची स्मृती क्षीण होते, आकलन मंदावते, हेही नोंदविले होते. तरी पुढे दीर्घकाळ लक्ष राहिले ते पायांवर आणि दृष्टीवर. १९९१ साली अमेरिकेत स्टीफन राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर रुग्ण आणि तितक्याच निरोगी व्यक्ती तपासल्या, तेव्हा रुग्णांतील बोधनक्षमतेच्या ऱ्हासाचे प्रमाण सुमारे ४३ टक्के ठरले. शारीरिक अपंगत्वाशी त्याचा संबंध क्षीणच होता. धडधाकट चालणाऱ्या माणसाचीही नोकरी यापायी जाऊ शकते, आणि घरची माणसे म्हणतात, "लक्षच देत नाही!"

आमची एक चाचणी ऐका. दर तीन सेकंदांनी एक अंक उच्चारला जातो. तो लगतच्या आधीच्या अंकात मिळवायचा. पाच, मग तीन: उत्तर आठ. पुढे सहा आला की नऊ म्हणायचे, चौदा नव्हे. निरोगी माणूसही येथे घामाघूम होतो, आणि रुग्णाला ती देताना मला नेहमीच संकोच वाटतो. त्यापेक्षा चिन्हांना अंक जोडण्याची नव्वद सेकंदांची चाचणी सौम्य. उत्तरे तोंडी घेतली की थरथरत्या हाताचा दोष बुद्धीच्या माथी बसत नाही. शब्दांच्या याद्यांचे तसे नाही. इंग्रजी यादीचे नुसते मराठी भाषांतर करून भागत नाही, कारण शब्दांचा परिचितपणा बदलला की कठीणपणाही बदलतो.

परंतु खरा प्रकाश पडला तो जॉन डिलूका यांच्या १९९४ सालच्या प्रयोगाने. यादी पक्की होईपर्यंत रुग्णांना ती पुन्हा पुन्हा ऐकविली. आवृत्त्या अधिक लागल्या. पण एकदा पक्के झालेले त्यांनी नंतर निरोग्यांइतकेच आठवले. ज्याला आपण विसरणे म्हणतो, ते पुष्कळदा अपुरे शिकणे असते!

त्याच वाटेने पुढे २०१३ साली नॅन्सी कियारावालोटी आणि सहकाऱ्यांनी ८६ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. शब्दांची मनात चित्रे रेखणे आणि ते शब्द एका गोष्टीत ओवणे, एवढेच दहा बैठकींत शिकविले होते. शिकविलेल्या गटाची ग्रहणशक्ती सुधारली.