तेरचे दान

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक असेल, आणि काहींनी तेथील समाधीचे दर्शनही घेतले असेल. त्याच गावात एक शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. त्याला नाव दिले आहे ते राजाचे वा राज्यपालाचे नव्हे, तर गावातल्याच एका गृहस्थाचे : कै. रामलिंगप्पा लामतुरे.

हे लामतुरे काही पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. त्यांच्या गावाभोवती जुन्या वस्तीची टेकाडे आहेत. आपल्याकडे अशा जागेला पांढरी म्हणतात. पाऊस पडून गेला की पांढरीची माती वाहून जाते आणि तिच्या पोटातले काही ना काही उघडे पडते : एखादा अकीकाचा मणी, शंखाच्या बांगडीचा तुकडा, मातीच्या बाहुलीचे मस्तक, झिजलेले नाणे. गावोगावच्या माणसांनी अशा वस्तू पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या, मुलांनी त्यांच्याशी खेळून त्या हरवल्या. लामतुरे यांनी त्या उचलल्या आणि जपून ठेवल्या. वर्षानुवर्षे त्यांनी हेच केले. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह पुढे देणगी म्हणून शासनाकडे आला आणि त्यातून हे संग्रहालय उभे राहिले. कुंभार संताच्या गावातला हा ठेवाही बराचसा मातीचाच आहे, हा योगायोग मला नेहमी गोड वाटतो.

तेर म्हणजेच प्राचीन तगर. आज हे आपण सहज म्हणतो. पण ही ओळख पटावयास फार काळ लागला. कोकणातील आणि कोल्हापूरकडील शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला मोठ्या अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत असत. ते तगर कोठले, यावर विद्वानांत बराच खल झाला. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, कोणी धारूर, कोणी कोल्हापूर. शेवटी १९०१ साली फ्लीट यांनी तेरचे नाव पुढे केले. त्यानंतर लवकरच हेन्री कझिन्स यांनी तेथील प्राचीन अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर होते. त्याची मागची बाजू चैत्यगृहासारखी अर्धवर्तुळाकार आहे आणि ते आजही उभे आहे. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेरला उत्खनन केले, आणि त्यानंतरही तेथे अनेकदा कुदळ लागली.

तगरची कीर्ती शिलाहारांच्याही हजारएक वर्षे आधीची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहिली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लेखकाचे नाव उरलेले नाही. तो साहित्यिक नव्हता. कोणत्या बंदरात काय खपते आणि काय मिळते, एवढ्यापुरतेच लिहिणारा रोखठोक माणूस होता. आमच्या खात्यातल्या एखाद्या चांगल्या अहवालासारखी त्याची भाषा आहे. बारिगाझा, म्हणजे भडोच, या बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर आहे, असे तो सांगतो. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलुखातून भडोचला येतो. पैठणहून रत्नखडे आणि तगरहून साधे कापड, तलम कापडाचे नाना प्रकार आणि किनाऱ्याकडून तेथे जमा होणारा इतर माल. प्रत्यक्षात तेर पैठणच्या आग्नेयेस आहे. व्यापाऱ्याने लिहिलेल्या एका ढोबळ दिशेने पुढच्या विद्वानांना किती फिरविले पाहा!

आपल्या नकाशावर पाहिले, तर तेरच्या मालाने भडोचपर्यंत जाण्यापेक्षा घाट उतरून कल्याणला जाणे सोपे वाटते. त्याचेही उत्तर हा लेखक देऊन ठेवतो. कल्याण पूर्वी खुले बंदर होते, पण त्याच्या काळी तेथे अडथळे निर्माण झाले होते आणि चुकून तिकडे गेलेली ग्रीक जहाजे पहारा देऊन भडोचला नेली जात. राजकारणाने व्यापाराची वाट वाकडी केल्याचे इतके जुने उदाहरण आपल्याकडे क्वचितच लिहून ठेवलेले सापडेल.

बदल्यात काय येई? इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्यारुप्याची नाणी. आणि राजासाठी चांदीची भांडी, उंची मद्य व गाणारी मुले. हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स काढून घेतो, अशी तक्रार प्लिनीने त्याच शतकात नोंदविली आहे. त्या रकमेतले काही थेंब तेरणेच्या काठीही ठिबकले असणार.

तेरच्या संग्रहालयात गेलात, तर एक गोष्ट आपल्या ध्यानात येईल. ज्या मालासाठी तगर जगाला माहीत होते, तो माल तेथे नाही. कापड आपल्या हवेत टिकत नाही. ओल आणि वाळवी त्याला दोन पावसाळेही पुरू देत नाहीत, मग दोन हजार वर्षांची गोष्ट कशाला! आपल्याकडच्या त्या काळच्या सुती कापडाच्या चिंध्या पाहावयाच्या, तर तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या इजिप्तच्या बंदराकडे वळावे लागते. तेथील कोरड्या वाळूने हिंदी कापडाचे तुकडे जपून ठेवले आहेत. तेथेच सातवाहनांची दोन नाणी आणि बुद्धाची एक संगमरवरी मूर्ती मिळाल्याचे २०२३ साली जाहीर झाले. तेरच्या कोष्ट्याने विणलेले काही इजिप्तच्या वाळूत पडले असेल की नाही, हे कोण सांगणार? पण तेथवर आपल्याकडचे कापड जात होते, एवढे मात्र हाताला लागते.

मग तेरमध्ये रोमचे काय आहे? येथे थोडे सावधपणाने बोलले पाहिजे. ‘रोमन’ हा शब्द आपल्याकडे फार लवकर लावला जातो; गावाची प्रतिष्ठा वाढते ना! तेर, भोकरदन, पैठण अशा ठिकाणी रोमन सम्राट टायबेरियस याच्या नाण्याची नक्कल असलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. त्यांना ओवण्यासाठी नाके आहेत. परदेशी नाण्याचा छाप मातीवर घेऊन ती चकती गळ्यात घालण्याची ही हौस सर्वस्वी येथली. रोमने ती पाठविली नव्हती. आपल्या कुंभाराने केली होती. उलट, कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीत मिळालेली पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी ब्राँझची मूर्ती मात्र खरोखरच समुद्र ओलांडून आलेली आहे. ती तेथील टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. खापरांच्या बाबतीत तर आणखी जपून राहावे. हिंदुस्थानात ‘रोमन मद्यकुंभ’ म्हणून नोंदलेली कित्येक खापरे प्रत्यक्षात इराक-इराणकडच्या निमुळत्या बुडाच्या रांजणांची आहेत, असे रोबर्टा टोम्बर या संशोधिकेने दाखवून दिले. त्यामुळे कित्येक संग्रहालयांतल्या चिठ्ठ्या बदलाव्या लागल्या.

संग्रहातली मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तू रोमहून आलेली नाही. ती हस्तिदंताची स्त्रीमूर्ती आहे, अलंकारांनी मढलेली आणि आकाराने लहान. तिच्यासारखी दुसरी मूर्ती इटलीत पाँपेई शहरात, एका घराच्या उत्खननात १९३८ साली आमेदेओ माइउरी यांना मिळाली. ती वीतभर उंचीची असून आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिला बरेच दिवस लक्ष्मी म्हटले जाई. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधी तेथे पोहोचली होती. ज्वालामुखीने जणू तारखेचा शिक्काच मारून ठेवला. तिसरी मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनची. तिचा केवळ खालचा भाग उरला आहे, पण पाँपेईच्या मूर्तीशी तिचे साम्य फारच जवळचे आहे.

या साम्यावरून पाँपेईची मूर्ती आपल्या मराठवाड्यातच घडली असावी, असे काही अभ्यासक म्हणतात. ऐकून आनंद होतो, हे मी लपवीत नाही. पण तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले एक अक्षर कोरलेले आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. म्हणून हा वाद मिटलेला नाही. मिटवावयाचा, तर आपल्याकडच्या मूर्तींनी साक्ष द्यावयास हवी. भोकरदनचा तुकडा उत्खननात मिळाला. तो कोणत्या थरात होता, त्याच्याबरोबर कोणती खापरे नि कोणती नाणी होती, हे लिहिलेले आहे. त्यामुळे त्याची साक्ष न्यायालयात टिकेल. तेरची मूर्ती संग्रहातून आली. ती तेरची आहे, याखेरीज तिच्याविषयी काही सांगता येत नाही. कोणत्या टेकाडाची, किती खोलीवरची, शेजारी काय होते? मूर्ती सुंदर आहे, पण साक्षीदार म्हणून ती मुकी आहे.

हा दोष लामतुऱ्यांचा नव्हे. पावसाने थरातून काढून ओघळात आणून टाकलेल्या वस्तूला थर उरतच नाही. त्यांनी ती उचलली नसती, तर तीही उरली नसती. दोष कोणाचा, हे सांगण्यापूर्वी मला माझी एक गोष्ट आपल्यापुढे कबूल केली पाहिजे.

मी इतिहास विषय घेऊन एम. ए. झालो आणि सरकारी सेवेत आलो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझी नेमणूक मराठवाड्यातील एका उपविभागात होती. एके दिवशी दुपारी एक वृद्ध शेतकरी कचेरीत आला. धोतराच्या सोग्यात त्याने काहीतरी बांधून आणले होते. गाठ सोडून त्याने ते माझ्या टेबलावर ओतले. दहाबारा मणी होते, एक मातीची चकती होती आणि तिला दोन नाके होती. “साहेब, हे ठिवून घ्या. घरात पोरं हायेत, खेळून हरवतील,” तो म्हणाला. मी म्हटले, “बाबा, बसा.” त्याला चहा दिला. विहीर खोदताना हे कसे मिळाले, पुरुषभर माती गेल्यावर राखेचा काळा पट्टा कसा लागला आणि त्या पट्ट्यात हे कसे होते, हे तो हाताने खूण करून सांगत होता. बाहेर लोक खोळंबले होते. मी कारकुनाला पोच द्यावयास सांगितले. पोच दिली गेली : ‘जुन्या वस्तू, नग १४.’ वस्तू लाखबंद करून रीतसर वरच्या कचेरीकडे रवाना झाल्या.

१८७८ चा निखात निधीचा कायदा मला पाठ होता. जमिनीत गाडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला तीन गोष्टी कळवाव्या लागतात : काय व किती सापडले, कोठे सापडले आणि कोणत्या दिवशी. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यालाही जागा आणि तारीख महत्त्वाची वाटली होती. मला नग महत्त्वाचे वाटले. तो राखेचा पट्टा, ती पुरुषभर खोली, त्या विहिरीचा गट नंबर, सगळे माझ्यासमोर दोन हातांनी दाखविले जात होते. आणि लिहून घेण्यासाठी शासनाने मला कागदही दिला होता, लेखणीही दिली होती.

सातआठ वर्षांनी त्या वस्तू मला एका कपाटात पुन्हा भेटल्या. चिठ्ठीवर माझ्याच कचेरीचा जावक क्रमांक होता. स्थळाच्या रकान्यात तालुक्याचे नाव होते. ती चकती टायबेरियसच्या नाण्यावरून घडविलेली होती, हे आता मला ओळखता येत होते. मी त्या गावी गेलो. म्हातारा वारला होता. त्याच्या मुलाने विहीर दाखविली, पण ती सिमेंटने बांधून काढलेली होती. राखेच्या पट्ट्याविषयी त्याला काही ठाऊक नव्हते. त्या वेळी तो शिक्षणासाठी बाहेरगावी होता.

तेव्हापासून जेथे बदली होईल, तेथे मी एक साधी नोंदवही ठेवतो. कोणी काही घेऊन आले, तर वस्तू पाहण्याआधी त्याचे बोलणे उतरून घ्यावयाचे : शेत कोणाचे, विहीर की नांगरट, किती हात खाली, माती काळी होती की पांढरी, बरोबर आणखी काय निघाले आणि तुम्ही त्याचे काय केले. शेवटच्या प्रश्नाला पुष्कळदा मौल्यवान उत्तरे मिळतात. ‘खापरं बांधावर टाकली’ असे कोणी म्हणाला, की ती बांधावरून परत गोळा करता येतात. आपल्यापैकी कोणाच्या देवघरात, फडताळात वा आजोबांच्या पेटीत अशी एखादी वस्तू असेल, तर ती संग्रहालयाला देण्याचे ठरविण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ अर्धा तास बसा आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. कागद वस्तूबरोबर द्या. पोच मात्र दोन्हींची मागा.

गेल्या वर्षी पहिला पाऊस पडून गेल्यावर मी पुन्हा तेरला गेलो होतो. संग्रहालय पाहून झाल्यावर टेकाडाकडे चालत गेलो. माती धुऊन निघाली होती, आणि खापरांच्या कडा उन्हात लाल दिसत होत्या. एक शाळकरी मुलगी शेळ्या राखीत होती. तिने मूठ उघडून मला एक पांढरा मणी दाखविला. मी विचारले, “बाळ, कुठे सापडला हा?” तिने पलीकडच्या ओघळीकडे बोट केले, आणि मी खिशातून वही काढली.