ट्रान्झिस्टर किती रुंद असावा?



गाडी टोलनाक्यावर येते, वरचा रीडर काचेवरचा फास्टॅग वाचतो आणि समोरचा दांडा वर जातो. 2021 च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांच्या सगळ्या मार्गिका फास्टॅगच्या झाल्या, त्यामुळे हे आता सवयीचं झालं आहे. त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. आतली चिप रीडरने सोडलेल्या रेडिओलहरींवरच चालते. त्या लहरींचं डीसी विजेत रूपांतर करणारा जो भाग असतो, तो रेक्टिफायर. त्यातले ट्रान्झिस्टर किती रुंद ठेवावेत, एवढाच आजचा विषय आहे. विषय छोटा वाटेल, पण टॅग किती लांबून वाचला जाईल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

आधी हाती वीज किती येते ते पाहू. आपल्याकडे या टॅगसाठी 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. रीडर 4 वॅटच्या तोडीची शक्ती सोडतो आणि टॅगचा अँटेना अगदी साधा आहे, असं धरून फ्रीसचं सूत्र लावलं तर 5 मीटरवर सुमारे 120 मायक्रोवॅट मिळतात आणि 10 मीटरवर अवघे 30. जुळणी नीट असलेल्या 50 ओहमच्या भारावर 30 मायक्रोवॅट म्हणजे शिखराला जेमतेम 55 मिलिव्होल्ट. साधा सिलिकॉन डायोड नीट वाहायला 0.6 व्होल्टच्या आसपास मागतो. म्हणून अँटेना आणि चिप यांच्यामध्ये जुळणीचं सर्किट घालून आधी व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि पुढचा रेक्टिफायरही कमी व्होल्टेजवर चालणारा निवडावा लागतो.

असा एक नमुनेदार रेक्टिफायर कोटानी, सासाकी आणि इतो या जपानी संशोधकांनी 2009 साली मांडला. दोन एनमॉस आणि दोन पीमॉस असे चार ट्रान्झिस्टर, आणि प्रत्येकाचं गेट, म्हणजे त्याला उघडणारं-मिटवणारं टोक, समोरच्या बाजूच्या सिग्नलला जोडलेलं. ज्या अर्ध्या आवर्तनात ट्रान्झिस्टरने वाहायचं असतं, त्यात गेट त्याला जास्त उघडतं. उरलेल्या अर्ध्यात तेच गेट त्याला घट्ट बंद करतं. 0.18 मायक्रॉनच्या तंत्रज्ञानात, 953 मेगाहर्ट्झला, 10 किलोओहमच्या भारावर आणि सुमारे 56 मायक्रोवॅट इनपुटला त्यांनी 67.5 टक्के कार्यक्षमता मिळवली. हा आकडा देताना या चारही अटी मी मुद्दाम सांगितल्या. त्या काढून टाकल्या तर 67.5 ला काहीच अर्थ उरत नाही.

आता रुंदीकडे येऊ. रुंदी वाढवली की ट्रान्झिस्टर चालू असतानाचा रोध कमी होतो, त्यात वाया जाणारी वीज कमी होते. मग भरपूर रुंद का ठेवू नये? शेताच्या पाटाला मोठं बारं पाडलं तर पाणी लवकर आत येतं, पण आतली पातळी वर चढली की त्याच बाऱ्यातून ते तितक्याच जोरात परतही जातं. इथेही तेच होतं. प्रत्येक आवर्तनात असे काही क्षण येतात, की बाहेरचा सिग्नल उतरू लागलेला असतो, आउटपुटचं व्होल्टेज त्याहून वर असतं आणि ट्रान्झिस्टर अजून पुरता बंद झालेला नसतो. त्या क्षणांत साठवलेली वीज उलटी वाहते. इनपुट जास्त झालं की हे क्षण लांबतात. म्हणूनच या रेक्टिफायरची कार्यक्षमता एका शिखरापर्यंत चढते आणि मग पडते.

दुसरा खर्च कपॅसिटन्सचा. 0.18 मायक्रॉनच्या तंत्रज्ञानात गेटचा कपॅसिटन्स दर चौरस मायक्रॉनला साधारण साडेआठ फेम्टोफॅरड असतो. 20 मायक्रॉन रुंद आणि 0.18 मायक्रॉन लांब अशा एका ट्रान्झिस्टरचा हिशेब 30 फेम्टोफॅरडवर जातो. ऐकायला हे नगण्य आहे. पण 866 मेगाहर्ट्झला त्याचा प्रतिरोध सुमारे 6 किलोओहम भरतो, म्हणजे आपल्या 10 किलोओहमच्या भाराच्याच पंगतीला तो येऊन बसतो. आणि असे ट्रान्झिस्टर चार आहेत.

ही ओढाताण कागदावर सुटत नाही, म्हणून सिम्युलेशन. 1973 साली बर्कलीच्या लॉरेन्स नेगल आणि त्यांचे मार्गदर्शक डोनाल्ड पेडरसन यांनी स्पाइस हा प्रोग्राम जगापुढे आणला आणि तो खुला ठेवला. त्याच घराण्यातला एनजीस्पाइस आज कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. त्यात रुंदीला चल ठेवायचं, 2 ते 60 मायक्रॉनपर्यंत 2-2 ची पायरी द्यायची, प्रत्येक पायरीला कार्यक्षमता मोजायची. याला स्वीप म्हणतात. पीमॉस एनमॉसच्या दोन-तीन पट रुंद धरून सुरुवात करावी, कारण सिलिकॉनमध्ये होल इलेक्ट्रॉनांपेक्षा हळू सरकतात. या झाल्या 30 फेऱ्या. पण प्रत्येक रुंदीचा सोयीचा भार वेगळा, सोयीचं इनपुट वेगळं. 8 भार आणि 5 इनपुट घेतले की 1200 फेऱ्या होतात. एकाच भारावर एकच स्वीप करून सर्वोत्तम रुंदी सापडली असं म्हणणं मला मान्य नाही.

फेरी लांबही असते. 10 किलोओहमचा भार आणि आउटपुटला 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर म्हणजे 1 मायक्रोसेकंदाचा कालस्थिरांक. त्याच्या पाचपट थांबायचं तर 4300 हून जास्त आवर्तनं जातात. वेळ वाचवायला विद्यार्थी आउटपुटचा कपॅसिटर आधीच भरून ठेवतात. तो अंतिम व्होल्टेजपेक्षा जास्त भरला असेल आणि मोजणी लवकर केली, तर साठ्यातली वीज रेक्टिफायरच्या खात्यात जमा होते आणि कार्यक्षमता 100 टक्क्यांच्या वरही दिसू शकते. इतका ढळढळीत आकडा निदान पकडला तरी जातो. 67 च्या जागी 72 दिसले, तर कोणाच्याच लक्षात येत नाही.

पण मला सगळ्यात जास्त खुपते ती याहून खोल गोष्ट. पुष्कळ स्वीपमध्ये इनपुटला आदर्श व्होल्टेज स्रोत जोडलेला असतो. शुद्ध कपॅसिटन्स करंट घेतो, पण एका पूर्ण आवर्तनात सरासरी वीज शून्य खातो. आदर्श स्रोताला हा करंट पुरवण्याचे कष्ट पडत नाहीत, त्यामुळे कपॅसिटन्सचा खर्च हिशेबातून जवळजवळ गायब होतो आणि उत्तर रुंद ट्रान्झिस्टरकडे झुकतं. प्रत्यक्षात तो करंट जुळणीच्या कॉइलमधून फिरतो, कॉइलला रोध असतो आणि तिथे वीज जळते. म्हणून स्वीपमध्ये अँटेनाचा स्रोत-रोध आणि कॉइलचा रोध घातलाच पाहिजे. शिवाय रुंदी बदलली की कपॅसिटन्स बदलतो आणि जुळणी बिघडते. दर पायरीला कॉइल पुन्हा जुळवली नाही, तर आलेख ट्रान्झिस्टरचा गुण न दाखवता बिघडलेली जुळणी दाखवतो. या दोन दुरुस्त्या केल्या की उत्तम रुंदी खाली सरकते, आणि माझ्या मते तेच उत्तर खरं आहे.

उरलं तापमान. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे टॅग चांगलाच तापतो आणि ट्रान्झिस्टरची गळती वाढते. 27 अंशांवर केलेल्या सिम्युलेशनचं उत्तर तिथे पुन्हा तपासावं लागतं.

सभागृहात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक बरेच दिसतात, त्यांना एक विनंती आहे. 2020 पासून स्कायवॉटरच्या 130 नॅनोमीटर तंत्रज्ञानाची मॉडेल्स खुली आहेत, एनजीस्पाइसही खुला आहे. तेव्हा हा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयात होऊ शकतो. तो जरूर करा. अहवालात कार्यक्षमतेचा आकडा लिहाल तेव्हा त्याच ओळीत वारंवारता, भार आणि इनपुट शक्ती लिहा, आणि ती इनपुट शक्ती अँटेनाच्या टोकाला मोजली की ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी, तेही लिहा.