किक, घुमारा आणि दहा बाय बाराची खोली

गेल्या काही दिवसांत रिमिक्स करणाऱ्या बऱ्याच पोरांनी एकच प्रश्न विचारलाय: बास वाढवला की ढोलकी गायब होते, काय करू? आज फक्त तेवढ्यावरच बोलूया.

सुरुवात माझ्याच चुकीपासून. घरातली हळद होती. आपल्या ठाणे-डोंबिवली पट्ट्यात आगरी हळद म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. लग्नापेक्षा मोठी रात्र ती. माझे काका कित्येक वर्षं बेंजो पार्टीत ढोलकी वाजवतायत. त्यांची ढोलकी मी घरीच रेकॉर्ड केली, खाली किक आणि ८०८चा बास टाकला आणि कोळी ठेक्याचा रिमिक्स तयार केला. माझ्या खोलीत कडक वाजत होता. मांडवात अठरा इंची सबवर लागला तेव्हा खुर्च्या थरथरल्या, पण नाचणारे बावचळले. हादरा बसत होता, ठेका कळत नव्हता. काका कानाशी येऊन ओरडले, "पोरा, ह्यात मी कुठंय?"

तर, काका गेले कुठे होते?

ढोलकीचे दोन आवाज. उजव्या हाताची टणक थाप वर वाजते, साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झमध्ये ती उठून दिसते. डाव्या हाताचा घुमारा खाली, शंभर हर्ट्झच्या आसपास. किकचा गाभा पन्नास-साठला. ८०८चा बास त्याच्याही खालून सुरू होतो आणि लांब शेपूट घेऊन घुमाऱ्यापर्यंत वर येतो. डोंबिवलीला सकाळच्या फास्टच्या एका दारातून तिघं एकदम घुसले की काय होतं? जो आडदांड तो आत जातो. इथे आडदांड म्हणजे ८०८. घुमारा फलाटावरच राहिला.

दुसरा गुन्हेगार माझी खोली. दहा बाय बारा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्या हिशोबाने दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झ घुमतो आणि बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७. म्हणजे नेमकी किक आणि बासची जागा. गंमत अशी की भिंतीशी हे सूर फुगतात आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसे होतात. माझं टेबल मधोमध. मला बास कमी वाटला, म्हणून मी वाढवत गेलो. मांडवाला भिंती नाहीत, त्यामुळे वाढवलेलं सगळं लोकांच्या छातीवर गेलं. तेव्हा पहिलं काम: खोलीत उठून फिरा, कोपऱ्यात ऐका, हेडफोनवर ताडून बघा, आणि मगच बासच्या फेडरला हात लावा.

आता दुरुस्ती. ढोलकीचा आवाज वाढवू नका, तिची जागा रिकामी करा. किक पन्नास-साठला ठेवा. किक आणि ८०८ दोन्हींतून ९० ते १५०चा पट्टा तीन-चार डीबी कापा. तिथे घुमारा राहू दे. ढोलकीतून साठच्या खालचं काढून टाका, तिथे नुसता माईकचा गडगडाट असतो. वरच्या टोकाला क्लॅप आणि हायहॅट उजव्या थापेवर बसत असतील तर तेही थोडे मागे घ्या. शंभरच्या खालचं सगळं मोनो करा. किक आणि घुमारा एकत्र पडल्यावर आवाज बारीक झाला, तर एकाची फेज उलटी करून बघा.

मग साइडचेन. किक पडली की ८०८ने दबायचं, हे सगळेच करतात. पण आपला कोळी ठेका सहाच्या झोक्यात चालतो, सरळ चारच्या हाऊससारखा नाही. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. त्याचे तीन भाग केले की प्रत्येकी १६७. मी रिलीज ठेवला होता ३५०. म्हणजे बासचा श्वास एका चालीचा आणि काकांचा हात दुसऱ्या चालीचा! नाचणाऱ्यांचे पाय त्यातच अडकले. रिलीज १५०च्या आसपास आणा आणि ढोलकीलाही ८०८ दोन-तीन डीबी दाबू द्या. झोका लगेच परत येतो.

"पण लोकांना बासच पाहिजे," असं कोणी म्हणेल. पाहिजे ना, मलाही पाहिजे. पण एक लक्षात घ्या. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज लहान केला की आपल्या कानाला सगळ्यात आधी खालचे सूर कमी ऐकू येतात. इकडे २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, दहा वाजले की उघड्यावरचा स्पीकर बंद. दहाच्या आधीही कोणाच्या घरी म्हातारं माणूस असतं, कोणाची परीक्षा असते, आवाज खाली घ्यावाच लागतो. जे गाणं नुसत्या बासवर उभं आहे, ते तिथेच बसतं. ज्यात ढोलकीची थाप शाबूत आहे, ते लहान आवाजातही नाचवतं. वेसावकर आणि मंडळींची जुनी कोळीगीतं काढून ऐका. आजच्यासारखा सब त्यांत नाही, तरी पाय हलतातच.

मी तो रिमिक्स पुन्हा केला. पहिल्या कडव्यात तर ८०८ काढूनच टाकला, घुमाऱ्यालाच बास होऊ दिलं. काकांना मोबाईलवर ऐकवला. ते म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात माझा हात घाईत गेलाय." म्हणजे ऐकू आला!

तुमच्यासाठी एवढंच काम: आपला मिक्स मोबाईलच्या स्पीकरवर लावा. त्याच्यात सब नसतोच. त्यावर ठेका कळला, तरच मांडवात न्या. भेटू पुढच्या भागात.