बसणाऱ्याची मुभा



कचेरीच्या अंतर्रचनेचा विचार आपण मालकाने दिलेल्या क्षेत्रफळापासून आरंभतो, त्यात किती मेजे मावतील याचा हिशेब मांडतो, आणि त्या मेजांपाशी जी माणसे उमेदीची वर्षे घालविणार, त्यांची गाठ मात्र, पडलीच तर, उद्घाटनाचे पेढे वाटताना पडते. हा आपल्या व्यवसायाचा शिरस्ता मला आज आपल्यापुढे तक्रारीच्या रूपाने मांडावयाचा आहे. चाकांची मेजे आणि सरकत्या भिंती हल्ली बहुतेक निविदांत असतात. परंतु मेज हातभर सरकविण्यासही ज्याला लेखी परवानगी लागते, त्याच्या लेखी ते मेज जमिनीत गाडल्यासारखेच होय.

या बाबतीत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांची हकीकत मननीय आहे. अमेरिकेतील हर्मन मिलर कंपनीसाठी त्यांनी ‘ॲक्शन ऑफिस’ ही रचना सिद्ध केली. १९६४च्या पहिल्या आवृत्तीत उभ्याने काम करण्याचे मेजही होते, आणि १९६८च्या दुसऱ्या आवृत्तीतील पडद्या १२० अंशांच्या ऐसपैस कोनांत जोडून प्रत्येकाने आपल्या कामाच्या जातीनुसार आडोसा उभारावा, काम पालटले की तोही पालटावा, अशी त्यांची योजना होती. काटकोनात जागा कमी लागते हे हिशेबनिसांच्या ध्यानी येताच पडद्या काटकोनात उभ्या राहिल्या, जोडणीचा अधिकार बसणाऱ्याकडून खरेदीखात्याकडे गेला, आणि साऱ्या जगात ज्यांची चेष्टा होते ती खुराडी जन्मास आली. त्यांचा निषेध पुढे खुद्द प्रॉप्स्ट यांनीच कडक शब्दांत केला.

याउलट नेदरलँड्समधील आपेलडोर्न येथे सेंट्राल बेहेर या विमा कंपनीची जी कचेरी हर्मन हर्ट्झबर्गर यांनी १९७२मध्ये पुरी केली, तिच्यात काँक्रीटचे ठोकळे गिलाव्यावाचून उघडेच ठेवून, चौकोनी सज्ज्यांवर काय मांडावे ते त्यांनी हेतुपूर्वक कर्मचाऱ्यांवर सोपविले. आणि कर्मचाऱ्यांनी कुंड्या, चित्रे, आवडीच्या वस्तू आणून त्या करड्या चौकोनांत आपापला संसार थाटला. रचनाकाराने काम अर्धे सोडावे, यालाही धारिष्ट लागते.

आपल्याकडे ते अर्धे काम लोक चोरून करतात. एका कचेरीत (नाव घेण्याचे प्रयोजन नाही) वातानुकूलनाच्या जाळीला मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावलेला मी पाहिला; खाली बसणाऱ्या बाई ऐन मे महिन्यात शाल पांघरून होत्या, तर तीन रांगा पलीकडचे गृहस्थ घरून आणलेल्या टेबलपंख्यापुढे घाम पुसत होते. पुठ्ठा काढण्याचे परिपत्रक निघे, पुठ्ठा निघे, आणि चार दिवसांनी दुसऱ्या मिठाईवाल्याचा पुठ्ठा तेथे येई. माझ्या मते त्या लाखो रुपयांच्या सजावटीत माणसाचा विचार करून बसविलेली ती एकच वस्तू होती.

जुन्या मामलेदार कचेरीतला कारकून गादीवर मांडी घालून, उतरते मेज पुढ्यात ओढून बसे, आणि उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली की बैठकीसकट सरकून घेई. त्या काळाचे गोडवे मी गात नाही. त्याच्या पाठदुखीचे दप्तर कोणी ठेवले नाही, इतकेच. परंतु सरकण्यासाठी त्याला अर्ज करावा लागत नसे.

म्हणून या परिषदेच्या विषयनियामक समितीपुढे मी अशी तजवीज सुचविली आहे की, अंतर्रचनेच्या करारातील रकमेचा दहावा हिस्सा ताबा देताना खर्च न करता राखून ठेवावा, आणि त्या जागेतून एक उन्हाळा व एक पावसाळा गेल्यावर, तेथे प्रत्यक्ष बसणाऱ्यांच्या मागणीबरहुकूम तो खर्ची घालावा. मालक हरकत घेतील, कंत्राटदार त्याहून अधिक घेतील, आणि छायाचित्रांत शोभलेली आपली दालने विसकटलेली आपल्यापैकी काहींनाही पाहवणार नाहीत. दहावा हिस्सा जड वाटला तर विसावा धरा, पण कलम गाळू नका. मसुदा दुपारच्या बैठकीत वाचला जाईल. उपसूचना भोजनापूर्वी चिटणिसांकडे लेखी द्याव्यात.