नववीचं एकच वर्ष
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माईक हातात आला की आपल्यातले बरेच जण आधी छडीची आठवण काढतात. माझ्याही तळहाताला ती आहे. पण संयोजकांनी मला आठच मिनिटं दिली आहेत आणि मला नववीच्या वर्गाबद्दल बोलायचंय. आपल्या वेळच्या नाही, आज त्या बाकांवर बसणाऱ्या.

इस्रोचा 'युविका' नावाचा उन्हाळी कार्यक्रम आहे, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम. २०१९ साली सुरू झाला. मे महिन्यात साधारण दोन आठवडे मुलं इस्रोच्या केंद्रात राहतात. कुणी तिरुअनंतपुरमला, कुणी अहमदाबादला, कुणी थेट श्रीहरिकोट्याला. शास्त्रज्ञांशी गप्पा, प्रयोगशाळा, रोबोट, रात्री आकाशदर्शन. प्रवासाचा आणि राहण्याजेवणाचा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, खेळ, स्काउट असं सगळं धरतात. शिवाय पंचायत क्षेत्रातल्या शाळेत शिकणाऱ्याला १५ टक्के भार वेगळा. नागपुरात शिकणाऱ्या माझ्या मुलीला तो नाही, गावातल्या पोरांना आहे.

अट एकच कडक आहे. अर्ज नववीतच करायचा. दहावीत गेलात की संपलं.

आता माझी चूक सांगतो. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीने हा अर्ज भरला होता, तेव्हा मी तिला पेढा दिला होता. त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाची मुलगी इथे, आपल्याच शाळेत, नववीत होती. मी पोळ्याला आलो, दिवाळीला आलो, झुणकाभाकर खाऊन परत गेलो. तिला सांगायचं सुचलंच नाही. पुढच्या वर्षी तिने पेपरात बातमी वाचली आणि विचारलं, "मोठेबाबा, तुम्हाला तर माहीत होतं ना?" बाप्पा, तिला काय उत्तर देणार होतो मी?

म्हणून मागच्या मेमध्ये आपल्यातल्या तिघांनी शाळेत आठ दिवसांचा वर्ग घेऊन पाहिला. चौदा मुलं, दोन जुने लॅपटॉप. वेळ सकाळी सातची ठेवली आणि पहिल्याच दिवशी फसलो. अर्धी मुलं पहाटेच तेंदूपाने तोडायला गेलेली. दुसऱ्या दिवसापासून वर्ग दहाला, पंख्याखाली.

त्यांचा पहिला प्रश्न रॉकेटचा नव्हता. "लाडबोरीत पडलं ते काय होतं?" २०२२च्या पाडव्याच्या संध्याकाळी आकाशातून जळत गेलेले ते गोळे तुमच्यापैकीही अनेकांनी पाहिले असतील. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं, ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं तज्ज्ञांनी सांगितलं. आपल्याकडे अवकाश असं घराजवळ येऊन पडलं होतं, त्यामुळे मला प्रस्तावना करावीच लागली नाही.

चौथ्या दिवशी मुलांनी तापमान मोजणारा छोटा सेन्सर जोडला आणि त्याचा प्रोग्राम लिहिला. एका मुलीने त्यात शहाणपणाची एक ओळ घातली. आकडा ५०च्या वर गेला तर सेन्सर बिघडला असं समजायचं, कारण भंडाऱ्याचं ऊन पन्नाशी कुठे ओलांडतं? मग सेन्सर सायकल स्टँडच्या टिनाला टेकवला. स्क्रीनवर आलं, "बिघाड". सेन्सर ठीक होता. टिनच तेवढं तापलं होतं. हात लावून पाहिला तेव्हा पटलं.

तेव्हा मी त्यांना 'आझादीसॅट'ची गोष्ट सांगितली. देशभरातल्या ७५ सरकारी शाळांमधल्या ७५० मुलींनी घडवलेला हा उपग्रह ७ ऑगस्ट २०२२ला इस्रोच्या नव्या एसएसएलव्ही रॉकेटमधून निघाला. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर हादरा बसला. सेन्सरांनी तो नोंदवला आणि सॉफ्टवेअरने ठरवलं की सेन्सरच बिघडले. ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह अशा कक्षेत गेले की एका बाजूला ते ७६ किलोमीटरपर्यंत खाली येत होते. ते टिकले नाहीत. १० फेब्रुवारी २०२३ला 'आझादीसॅट-२' पुन्हा गेला आणि ४५० किलोमीटरवर नीट पोचला. ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी पण माझ्यासारखंच लिहिलं होतं." आणि वही ओढून ती ओळ दुरुस्त करायला बसली.

आता मुद्द्याचं. आपल्या निधीतून शाळेला कमान बांधायचा प्रस्ताव आहे. कमानीवर आपल्या बॅचचं नाव येईल, मलाही ते आवडेल. पण माझं मत विचाराल तर यंदा कमान थांबू द्या. चार लॅपटॉप, एक इंटरनेट जोडणी आणि दर मेमध्ये दहा दिवसांचा वर्ग, एवढं त्या पैशात दोन-तीन वर्षं चालेल. आणि पैशापेक्षा माणूस हवा. युविकाचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. तेव्हा कुणीतरी शाळेत बसून नववीच्या प्रत्येक मुलाकडून फॉर्म भरून घ्यायला हवा, प्रमाणपत्रं स्कॅन करायला हवीत. निवड होईल न होईल, ते पुढचं पुढे. जागा थोड्या असतात, हे मुलांना आधीच सांगायचं.

गुरुजनहो, तुम्ही परवानगी दिलीत तर पहिल्या फेब्रुवारीत मी स्वतः आठवडाभर रजा काढून येतो. बाकीच्यांसाठी दारापाशी टेबलावर वही ठेवली आहे. जेवणाच्या रांगेत जाताना त्यात नाव आणि कोणता आठवडा देऊ शकता, तेवढं लिहा. माझ्या पुतणीचं नाव त्यात पहिलं आहे. ती आता अकरावीत आहे आणि मेमध्ये शिकवायला येणार आहे.